नर्स हवी ना? मग फी तुम्ही भरा

नर्स सगळ्यांना हवी असते. दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयाला हवी, शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयाला हवी, गल्लीतल्या वीस खाटांच्या नर्सिंग होमला हवी. रांजणगाव नाहीतर कुरकुंभ एमआयडीसीत कुणाचा हात मशीनमध्ये गेला की तिथल्या तिथे हवी. घरात आजोबा अंथरुणाला खिळले की चोवीस तास हवी. आणि ती नर्स तयार करण्याचा खर्च? तो करडे, न्हावरे, पाटस नाहीतर देऊळगाव राजेच्या एखाद्या बापाने उसाच्या बिलातून करायचा. मला हे पटत नाही. ज्याला नर्स हवी, त्याने तिच्या शिक्षणाचा भार उचलावा. आज एवढंच म्हणायचं आहे, आणि ज्याला त्याला नाव घेऊन म्हणायचं आहे.

प्रवेशाच्या वेळापत्रकाला

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, आठ सेमिस्टरचं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी लागतं, राज्याच्या सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा द्यावी लागते, पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. मुलगी हे सगळं निभावते. पहाटे उठून एसटीने तालुक्याला येते, क्लास परवडत नाही म्हणून मोबाइलवर व्हिडिओ बघून बायॉलॉजी करते, सीईटीत गुण मिळवते. तिच्या बाजूने काही कमी पडत नाही.

अडतं ते फीपाशी. प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळ्यात लागतात. घोड आणि भीमेच्या पट्ट्यात शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो तो याच दिवसांत. खरिपाची पेरणी झालेली असते, विकास सोसायटीचं पीककर्ज खत-बियाण्यात गेलेलं असतं. ऊस रानात उभा असतो, पण गाळप सुरू व्हायला दिवाळी उजाडते. ऊस तुटल्यावर १४ दिवसांत पैसे द्यावेत असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. प्रत्यक्षात पहिली उचल कधी पडेल, हे कारखान्याच्या तब्येतीवर ठरतं. बराखीतल्या कांद्याला भाव येईल म्हणून थांबावं, तर ऑगस्टात तो सडायला लागतो.

मग फीच्या खिडकीवर जे बोलणं होतं ते दरवर्षी तेच असतं.

"मॅडम, ऊस गेला की सगळे भरतो. तोवर निम्मे घ्या."

"काका, माझ्या हातात नाही. शुक्रवारपर्यंत पूर्ण भरा, नाहीतर सीट पुढच्या फेरीला जाईल."

शुक्रवारी काका पैसे भरतात. गुरुवारी काकूंचं गंठण पतसंस्थेत सोनेतारणाला गेलेलं असतं. आमच्याकडे नर्सिंगचं पहिलं वर्ष असंच सुरू होतं.

शेतकऱ्याच्या मुलीला फीचे हप्ते पाडून द्यायला काय हरकत आहे? पहिला प्रवेशाला, दुसरा जानेवारीत, तिसरा एप्रिलमध्ये. कॉलेजचा एक रुपया बुडत नाही आणि घरातलं सोनं घरात राहतं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. संस्थाचालकाने मनावर घेतलं तर एका बैठकीत होईल.

कॉलेजला

खासगी नर्सिंग कॉलेजची पावती एकदा शांतपणे वाचा. शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क पहिल्या दोन ओळींत असतं. त्याखाली विद्यापीठाचं पात्रता शुल्क, परीक्षा शुल्क, अनामत, युनिफॉर्मचे दोन जोड, लॅब कोट, बूट, प्रॅक्टिकल रेकॉर्ड, लायब्ररी, रुग्णालयात नेणारी बस, होस्टेल, मेस. वरच्या दोन ओळींची चर्चा विधानसभेत होते. खालच्या ओळींची चर्चा घरातच होते, रात्री जेवणं झाल्यावर, मुलगी झोपली असं समजून. ती झोपलेली नसते.

पालकांनो, दोन गोष्टी लक्षात ठेवा. महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी ठरवण्यासाठी २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण नेमलेलं आहे. कोणत्या कॉलेजला किती फी मंजूर आहे, हे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघायला मिळतं. प्रवेश घ्यायच्या आधी तो आकडा बघा, कागदावर उतरवा आणि तो कागद घेऊन खिडकीवर जा. दुसरी गोष्ट, देणगी घेऊन प्रवेश द्यायला आपल्या राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. पावती न देता कुणी पैसे मागितले, तर ते पैसे बेकायदा आहेत. "सगळीकडे चालतं" असं कुणी म्हटलं तरी बेकायदाच आहेत.

आणि एजंटांपासून लांब राहा. बारावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. सीईटीची गरज नाही, डायरेक्ट ॲडमिशन, शेजारच्या राज्यात स्वस्तात सीट, हजेरीचं आम्ही बघू. ज्या कॉलेजात हजेरीचं कुणीतरी दुसरं बघतं, तिथे मुलगी इंजेक्शन द्यायला शिकत नाही. चार वर्षांनी रुग्णाच्या दंडावर तिचा हात थरथरतो, तेव्हा एजंटचा फोन बंद असतो. कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, आरोग्य विद्यापीठाची संलग्नता आहे का आणि मुली शिकायला नक्की कोणत्या रुग्णालयात जातात, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर उठून या.

सरकारला

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय चांगला आहे. आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क आता पूर्ण माफ आहे. आधी निम्मंच माफ होतं. वैद्यकीय शिक्षण खात्याचे अभ्यासक्रमही त्यात धरलेले आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्याआधीपासून आहे. ज्यांनी हे केलं त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. या निर्णयामुळे बऱ्याच घरांत "पोरीला कशाला एवढं" हा शब्द तोंडातल्या तोंडात राहिला.

पण भोकं आहेत, आणि ती बुजवा.

पहिलं भोक: माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. होस्टेल, मेस आणि बस तशीच राहते. तालुक्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलीचा खरा खर्च तिथेच होतो. वसतिगृह निर्वाहभत्त्याच्या योजना आहेत. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची आहे, सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजना आहे, अनुसूचित जातींसाठी स्वाधार आहे. प्रत्येकीचा अर्ज वेगळा, अटी वेगळ्या, मुदत वेगळी. एकाच मुलीची एकच माहिती एकाच सरकारला चार वेळा का द्यायला लावता?

दुसरं भोक: माफी मिळते ती केंद्रीभूत फेरीतून प्रवेश घेतलेल्या मुलीला. संस्थेच्या किंवा व्यवस्थापनाच्या कोट्यातून शिरलेली मुलगी बाहेर. फरक घरच्यांना कळतो तो अर्ज नाकारला गेल्यावर. प्रत्येक ज्युनिअर कॉलेजच्या फळ्यावर हे वाक्य मे महिन्यातच मोठ्या अक्षरांत लिहिलं पाहिजे: कॅप राउंडमधून या, नाहीतर फी भरावी लागेल.

तिसरं भोक सगळ्यांत मोठं आहे, वेळेचं. शासनाकडून पैसे येईपर्यंत कॉलेज म्हणतं, आधी तुम्ही भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. म्हणजे माफीचा कागद हातात घेऊन बाप पुन्हा पतसंस्थेच्या दारात. जी फी माफ आहे, ती प्रवेशाच्या दिवशी एक रुपयाही घ्यायची नाही, हा नियम कडक करा आणि तो मोडणाऱ्या संस्थेवर कारवाई करा. त्याचबरोबर संस्थेचे पैसेही वेळेवर द्या. दोन-दोन वर्षं थकवून ठेवलेलं कॉलेज मुलीलाच पिळणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

जुलैत शिरूरच्या किंवा दौंडच्या तहसील कचेरीबाहेर एक तास उभे राहा. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, रहिवासी, आधारला जोडलेलं खातं. महा-ई-सेवा केंद्रात सर्व्हर डाउन. आई मजुरी बुडवून आलेली, दाखला उद्या मिळेल असं ऐकून परत निघालेली. उद्याची मजुरीही गेली. शिष्यवृत्तीच्या खर्चात हे दोन दिवस कुणीच धरत नाही. बारावीचे फॉर्म भरतानाच कॉलेजमध्ये शिबिर घेऊन हे दाखले का देता येत नाहीत? तहसीलदारांनी मनावर घेतलं तर नक्की देता येतील.

आणि मुलांचं काय? नर्सिंगला मुलगेही येतात, चांगले येतात. ओबीसी आणि आर्थिक मागास घरातल्या मुलाला अजून निम्मीच सवलत आहे. कुरकुंभला भाजलेल्या कामगाराला उचलून ड्रेसिंग करायला हे ब्रदर लागतात. त्यांच्याही घरी तोच ऊस आणि तीच पतसंस्था आहे.

बँकेला

शैक्षणिक कर्जाचे नियम कागदावर गरिबाच्या बाजूचे आहेत. चार लाखांपर्यंत तारण नाही, मार्जिन नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या पतहमी निधीचा आधार आहे. अभ्यासक्रम संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, परतफेडीला पंधरा वर्षांपर्यंत मुदत. घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर शिकत असतानाच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं, आणि त्या योजनेच्या नियमांत नर्सिंग कौन्सिलच्या मान्यतेच्या अभ्यासक्रमाचा स्पष्ट उल्लेख आहे. हे तुमच्या शाखेतल्या साहेबांना ठाऊक नसेल तर तुम्ही सांगा. शांतपणे सांगा, पण सांगा.

कारण शाखेत वेगळंच ऐकू येतं. "नर्सिंगला आम्ही देत नाही." "सातबारा आणा." "गॅरेंटर सरकारी नोकर पाहिजे." अर्ज तोंडी नाकारतात, म्हणजे कागद राहत नाही. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा, नकार लेखी मागा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना आणली. तारण नाही, जामीनदार नाही, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्याजात तीन टक्के सूट. पण ती देशातल्या निवडक ८६० संस्थांपुरती सुरू झाली. तालुक्याच्या नर्सिंग कॉलेजातली मुलगी त्या यादीत कशी बसणार? ज्या पोरीला कर्जाची सगळ्यांत जास्त गरज, तिच्या कॉलेजचं नाव यादीत नाही. यादी रुग्णालयाची गरज बघून करा, केवळ कॉलेजचा क्रमांक बघून नको.

आता हिशोब करू. समजा वर्षाला एक लाख उचलले. चार वर्षांचे चार लाख, व्याज दहा टक्के. व्याजाची सवलत नसेल तर शिकतानाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष धरून सरळव्याजानेच एक लाख ४० हजार चढतात. परतफेड सुरू होते तेव्हा डोक्यावर पाच लाख ४० हजार. सात वर्षांत फेडायचे म्हटलं तर महिन्याला नऊ हजारांच्या आसपास हप्ता. आणि पगार?

खासगी रुग्णालयाला

सरकारी रुग्णालयात कायम जागेवर लागलेल्या अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. वर भत्ते. तिथे पोचलेली मुलगी कर्ज फेडते, भावाचं शिक्षण करते, आईचं गंठण सोडवून आणते. पण कायम जागा निघतात कधी आणि किती? कंत्राटी भरतीच्या विरोधात राज्यातल्या सरकारी परिचारिकांना जुलै २०२५ मध्ये संपावर जावं लागलं.

बाकीच्या मुली खासगीत जातात. पगार १८ हजार धरला तर त्यातला निम्मा हप्त्यात जाणार. उरलेल्या नऊ हजारांत खोलीभाडं, डबा, प्रवास, आणि घरी काही पाठवायचं म्हटलं तर हात आखडणार. म्हणजे पदवी घेऊन, रात्रपाळी करून, सात वर्षं ती बँकेसाठी काम करणार.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये खासगी रुग्णालयांतल्या नर्सच्या पगाराबद्दल केंद्राला समिती नेमायला सांगितली. समितीने स्वच्छ लिहून दिलं: २०० खाटांपेक्षा मोठ्या रुग्णालयाने सरकारी नर्सइतकाच पगार द्यावा, १०० खाटांच्या वरच्यांनी फार तर दहा टक्के कमी, ५० ते १०० खाटांच्यांनी फार तर पंचवीस टक्के कमी, आणि ५० खाटांच्या आतल्यांनीही महिन्याला वीस हजारांच्या खाली जाऊ नये. कायदा करण्याचं काम राज्यांवर सोडलं गेलं. केरळमधल्या नर्स रस्त्यावर उतरल्या, लढल्या, आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारला किमान वेतनाची अधिसूचना काढावी लागली. त्या अहवालातला वीस हजारांचा आकडा २०१६ चा आहे. तेव्हाचा एसटीचा पास आणि आजचा पास ताडून बघा. शिरूर-दौंडच्या रुग्णालयांच्या डॉक्टरांनो, तुम्ही आपल्या संघटनेच्या बैठकीत हा एक विषय घ्या. किमान त्या अहवालाइतका पगार सगळे मिळून द्यायचा, असं ठरवा. कायद्याची वाट कशाला बघता?

एक गोष्ट आणखी. नर्सिंगची विद्यार्थिनी चार वर्षं फक्त बाकावर बसत नाही. पहिल्या वर्षापासून ती वॉर्डात असते. सकाळी सातला हजर, बेड मेकिंग, टीपीआर, बीपी, इनपुट-आउटपुट चार्ट, म्हाताऱ्या रुग्णाला कुशीवर वळवणं, पाठीला पावडर लावणं, पलंगाखालचं भांडं देणं, नेणं, धुणं. शेवटच्या सेमिस्टरला तर जवळजवळ पूर्ण वेळ वॉर्डातच. नर्स कमी असलेल्या वॉर्डाला या पोरींचा किती आधार असतो, हे त्या वॉर्डातल्या सिस्टरला विचारा. त्या शिकतात हे खरं, पण त्या कामही करतात. आणि त्या कामाची फी त्यांचा बाप भरतो. इंटर्नशिप करणाऱ्या एमबीबीएसच्या मुलांना विद्यावेतन मिळतं, ते मिळायलाच हवं. मग शेवटच्या सेमिस्टरला अख्खी पाळी सांभाळणाऱ्या नर्सिंगच्या मुलीला का नको?

एम.एस्सी. करायचं असेल तर आणखी कठीण. बी.एस्सी.नंतर वर्षभर नोकरीचा अनुभव हवा, मग मिळत असलेला पगार सोडून दोन वर्षं पुन्हा फी. पहिलं कर्ज फिटलेलं नसताना दुसरं कोण काढणार? आणि एम.एस्सी. झालेल्या शिक्षिका नसतील, तर तालुक्यातल्या कॉलेजांत शिकवणार कोण? आज हे पैसे वाचवले, तर उद्याच्या नर्स कच्च्या निघतील.

जगाने हे करून पाहिलं आहे

इंग्लंडने २०१७ मध्ये नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचं विद्यावेतन बंद केलं आणि कर्ज काढा म्हणून सांगितलं. अर्ज घटले. २०२० मध्ये त्याच सरकारला वर्षाला किमान पाच हजार पौंड अनुदान सुरू करावं लागलं. जर्मनीने २०२० पासून नर्सिंग प्रशिक्षणाची फी कायद्याने रद्द केली. तिथे शिकणाऱ्याला दरमहा पगारासारखा भत्ता मिळतो. म्हणूनच आपल्या पोरी जर्मन शिकायला लागल्या आहेत. कुशल मनुष्यबळ पाठवायला महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करारही केला, त्यात नर्स आहेत. पोरींनी जरूर जावं, चार पैसे मिळवावेत. पण घरच्या गंठणावर घडलेली नर्स स्टुटगार्टला आणि दौंडच्या वॉर्डात खुर्ची रिकामी, हे आपल्याला परवडतं का, ते आपण ठरवायचं.

लांब कशाला, पुण्यातच बघा. सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात बी.एस्सी. नर्सिंगच्या ४० जागा आहेत, देशभरातल्या लष्करी रुग्णालयांच्या कॉलेजांत मिळून २२०. तिथे मुलीचं शिक्षण, राहणं, जेवण लष्कर करतं, वर विद्यावेतन देतं. बदल्यात ती लष्करी परिचर्या सेवेत अधिकारी म्हणून रुजू होते. लष्कराला नर्स हवी आहे, म्हणून लष्कर खर्च करतं. शिरूर-दौंडच्या बारावीच्या वर्गांत ही माहिती किती जणींना आहे? शिक्षकांनो, उद्याच्या पहिल्या तासाला सांगा.

आणि हा विचार आपल्याकडे आजचा नाही. दौंड तालुक्यातल्या केडगावला ज्यांनी मुक्ती मिशन उभं केलं, त्या पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देताना हिंदुस्थानातल्या बायकांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात असं ठासून सांगितलं होतं. त्यांना स्वतःला डॉक्टर व्हायचं होतं. १८८३ मध्ये इंग्लंडला जाण्याच्या खर्चासाठी त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून पैसे उभे केले. कानाने साथ दिली नाही, डॉक्टरकी राहिली. मग त्या अमेरिकेत गेल्या, गावोगाव बोलल्या, आणि १८८७ मध्ये बोस्टनमध्ये लोकांनी संस्था स्थापून त्यांच्या शाळेला दहा वर्षं पैसे पुरवण्याची जबाबदारी घेतली. त्या पैशांवर १८८९ मध्ये शारदा सदन सुरू झालं. हिंदुस्थानातल्या विधवा मुलींनी शिकावं म्हणून बोस्टनच्या माणसांनी वर्गणी काढली. रांजणगावच्या कंपनीला शेजारच्या करड्यातली मुलगी त्यापेक्षा लांबची आहे का?

कंपन्यांना

आता मुख्य गोष्ट. रांजणगावात फ्रिज, टीव्ही, मोटारी तयार होतात. कुरकुंभला रसायनं आणि औषधं तयार होतात. या दोन एमआयडीसींनी दोन्ही तालुक्यांची जमीन घेतली, पाणी घेतलं, मनुष्यबळ घेतलं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायची आहे. शिक्षण आणि आरोग्य दोन्ही त्या यादीत आहेत.

हिशोब मांडतो. दोन्ही तालुक्यांतून मिळून दरवर्षी वीस मुलं-मुली निवडा. फी, होस्टेल, जेवण, पुस्तकं धरून एकाचे वर्षाला दीड लाख. म्हणजे एका तुकडीचे वर्षाला ३० लाख. चौथ्या वर्षी चार तुकड्या एकदम चालू असतील, तेव्हा ८० जण आणि वर्षाला एक कोटी २० लाख. ६० कोटी सरासरी नफा असलेल्या एका कंपनीची कायद्याने बंधनकारक रक्कमच तेवढी भरते. दोन एमआयडीसी मिळून हे करत नसतील, तर त्याचं कारण पैशाचा तुटवडा हे नाही.

अटीही साध्या ठेवा. निवड सीईटीच्या गुणांवर आणि घरच्या उत्पन्नावर, कुणाच्या चिठ्ठीवर नाही. पैसे थेट कॉलेजला आणि होस्टेलला, प्रवेशाच्या आधी. शिक्षण झाल्यावर दोन वर्षं शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या कोणत्याही रुग्णालयात नोकरी, सरकारी वा खासगी. मात्र करार दोन्ही बाजूंना बांधणारा हवा: पगार २०१६ च्या समितीने सांगितलेल्या दरापेक्षा कमी असेल तर मुलगी मोकळी. मूळ दाखले कुणीही अडवून ठेवायचे नाहीत. लग्न ठरलं, बदली झाली, आजारपण आलं तर तिच्या मागे वकील लावायचा नाही. जिल्हा परिषदेने आणि दोन्ही तालुक्यांच्या आमदारांनी एकत्र बसून हा कागद तयार करावा. पुढाकार कुणाचा यावर भांडू नका. दोघांचेही फोटो छापून येतील.

हे पैसे म्हणजे उपकार नव्हेत. कुरकुंभला भडका उडाला की कामगार आधी दौंडला येतो. नगर रस्त्यावर कंटेनरने दुचाकी उडवली की जखमी आधी शिरूरला येतो. पहिल्या तासात त्याच्या हाताला सलाइन लावणारं माणूस शिकलेलं असावं, ही कंपनीच्या मालकाचीही गरज आहे, मॅनेजरचीही आणि गेटवरच्या सिक्युरिटीचीही.

आर्थिक वर्ष मार्चला संपतं. त्याच्या आत कंपन्यांच्या सीएसआर समित्या बसतील. बाकं, संगणक, झाडं, स्वच्छतागृहं यांच्या ओळी लिहिल्या जातील, त्याही चांगल्याच आहेत. त्यांच्या खाली एक ओळ वाढवा: शिरूर-दौंडच्या वीस विद्यार्थ्यांचं बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षं. समोर रक्कम लिहा. एप्रिलमध्ये मी याच जागेत विचारणार आहे, ही ओळ किती कंपन्यांनी लिहिली आणि किती जणांनी कोरी ठेवली.